श्रेयही गीतकाराचे, दोषही

ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्समध्ये एका जुन्या गाण्यावरून मोठा गदारोळ उठला. कोणते गाणे लागले तर तुम्ही पार्टी सोडून निघून जाल, असे एका बेल्जियन माध्यमाने ज्युलिएत आर्माने या गायिकेला विचारले. तिने १९८१ सालच्या ‘ले लाक द्यू कॉनेमारा’चे नाव घेतले, आणि या गाण्याची आपल्याला किळस येते, ते उजव्या वळणाचे आहे, असे सांगून टाकले. फ्रान्समध्ये हे गाणे लग्नाच्या मेजवानीत रात्र चढली की हमखास वाजते, रग्बीच्या सामन्यांत वाजते आणि नामांकित व्यवस्थापन महाविद्यालयांच्या पार्ट्यांतही वाजते. त्यामुळे या वादात राजकारणीही उतरले, वृत्तपत्रेही उतरली. कोणी गायक मिशेल सार्दू यांची बाजू घेतली, कोणी आर्माने यांची. या साऱ्यात पिएर देलानोए यांचे नाव माझ्या वाचनात तरी फारसे आले नाही. वास्तविक त्या गाण्याचे शब्द सार्दू आणि देलानोए या दोघांनी मिळून लिहिले होते. गाणे उजवे आहे की डावे, हा वाद अखेर शब्दांचाच आहे, कारण झाक रवो यांच्या चालीला कोणताही पक्ष नाही. तरीही शब्द लिहिणाऱ्या दोघांपैकी एकच जण लोकांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो होता मंचावर उभा राहून गाणारा.

या विस्मरणाला देलानोए यांची कमी प्रसिद्धी एवढेच कारण नाही. लोकप्रिय गाण्यातील शब्दांचे श्रेय कोणाचे आणि त्यांचा जबाब कोणी द्यायचा, हा सार्वजनिक प्रश्न त्यामागे आहे, आणि फ्रान्ससारख्या गीतप्रेमी देशानेही तो अर्धवटच सोडवला आहे. माझे म्हणणे असे आहे की दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणे ही स्वतंत्र कला असून तिला कवितेच्या मापाने मोजून खाली बसवू नये. मात्र ज्या दिवशी आपण तिला मान देऊ, त्याच दिवशी तिच्याकडे जाबही मागावा.

देलानोए हे १९१८ साली पॅरिसमध्ये जन्मले. त्यांचे मूळ आडनाव लरवाये. गीतलेखनात येण्यापूर्वी ते करखात्यात निरीक्षक होते. ही गोष्ट वाटते तितकी विचित्र नाही, कारण गायक जिल्बेर बेको यांच्यासाठी लिहिणारे दुसरे गीतकार लुई आमाद हे तर प्रेफे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे बडे प्रशासकीय अधिकारी होते. बेको यांच्यासाठी देलानोए यांनी ‘मे मँ’, ‘ए मँतनाँ’, ‘नाताली’ अशी गाणी लिहिली. १९५५ साली ‘युरोप १’ हे रेडिओ केंद्र सुरू झाले तेव्हा त्याच्या कार्यक्रमांची सूत्रे त्यांच्याकडे होती. १९५८ ची युरोव्हिजन स्पर्धा फ्रान्सने जिंकली त्या गाण्याचे शब्द त्यांचेच. पुढे ह्यूग ऑफ्रे, जो दासाँ, मिशेल फ्यूगँ, मिशेल पोल्नारेफ, निकोल क्रुआझिल, जेरार लनोर्माँ आणि सार्दू यांच्यासाठी त्यांनी लिहिले. २००६ च्या डिसेंबरात ते वारले, तेव्हा त्यांच्या गाण्यांची संख्या हजारांच्या घरात होती. फ्रान्समधील कोणत्याही घरात त्यांची दहा-बारा गाणी कोणाला ना कोणाला पाठ असतात. ती कोणी लिहिली हे मात्र त्या घरात सहसा ठाऊक नसते.

असे होण्यामागे एक प्रतवारी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रेंच समाजाने गाण्याच्या जगात सर्वांत उंच आसन दिले ते स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतः गाणाऱ्याला. झॉर्ज ब्रासँस, लेओ फेरे आणि मूळचे बेल्जियन झाक ब्रेल ही त्या आसनावरची तीन नावे. प्रकाशक पिएर सेगेर्स यांनी १९६० च्या दशकात आपल्या समकालीन कवींच्या मालिकेत या तिघांवर पुस्तके काढली, आणि १९६७ साली फ्रेंच अकादमीने ब्रासँस यांना काव्याचा मोठा पुरस्कार दिला. हे तिघे त्या मानाला पात्र होते, याबद्दल शंका नाही. परंतु त्या मानासोबत एक गृहीतक रुजले: खरे गाणे ते, जे गाणाऱ्याच्या स्वतःच्या अंतःकरणातून आले, आणि जो दुसऱ्यासाठी लिहितो तो कारागीर, मागणीप्रमाणे माल पुरवणारा. १९८६ च्या डिसेंबरात बेर्नार पिव्हो यांच्या दूरदर्शनवरील साहित्यविषयक कार्यक्रमात गायक-गीतकार सेर्ज गेन्सबूर यांनी गाणे ही दुय्यम कला आहे असे ठणकावून सांगितले आणि दुसरे गायक-गीतकार गी बेआर त्यांच्याशी कडाडून भांडले. ते भांडण फ्रान्समध्ये आजही आवडीने पाहिले जाते. त्या दोघांतला कोणीच मला पूर्णपणे पटत नाही. चित्रकलेला किंवा अभिजात संगीताला जी दीक्षा लागते ती गाण्याला लागत नाही, असा गेन्सबूर यांचा दावा होता, आणि गाणे त्या कलांच्या तोडीचे आहे असे बेआर यांना सिद्ध करायचे होते. दोघेही गाणे दुसऱ्याच कुठल्या तरी कलेच्या शेजारी उभे करून मोजत होते. गाण्याचे शब्द गाण्यातच काय करतात, हे तपासण्याची गरज त्या संध्याकाळी कोणाला वाटली नाही.

ते तपासायचे तर ‘नाताली’ हे गाणे घ्यावे. साल १९६४. क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटाला दोनच वर्षे झालेली. एक फ्रेंच माणूस मॉस्कोत आला आहे, लाल चौक मोकळा आहे, आणि त्याच्यापुढे त्याची गाइड चालते आहे. ती गंभीर, मोजक्या वाक्यांत ऑक्टोबर क्रांतीविषयी सांगते, आणि तो मनात म्हणतो आहे की लेनिनची समाधी पाहून झाली की पुश्किन कॅफेत जाऊन चॉकलेट प्यावे. शीतयुद्धावर या गाण्यात एकही विधान नाही. विचारसरणीचे व्याख्यान चालू असताना ऐकणाऱ्याचे लक्ष कुठे असते, एवढेच त्यात दाखवले आहे. पुढे नातालीच्या खोलीत विद्यार्थी जमतात, त्यांना फ्रान्सविषयी सगळे ऐकायचे असते, आणि चालही तिथे रशियन नाचाच्या लयीत धावू लागते. मग विद्यार्थी निघून जातात, आणि त्यानंतर ना क्रांतीची भाषणे उरतात ना कॅफेचे चॉकलेट. हीच कथा छापील कवितेत बेताची वाटेल. गाण्यात मात्र तिच्या प्रत्येक वळणाला चालीचे एकेक वळण जोडलेले आहे, आणि शब्द थोडके ठेवल्यामुळेच चालीला तेवढी जागा मिळाली आहे. गाण्यातला तो कॅफे तेव्हा मॉस्कोत नव्हता. १९९९ साली त्या नावाचा कॅफे मॉस्कोत खरोखरच उघडला. आपली कल्पना अशी विटामातीत उभी राहिलेली पाहण्याचे भाग्य फार थोड्या कवींना लाभले असेल.

किंवा पोल्नारेफ यांच्यासाठी १९६८ साली लिहिलेले ‘ल बाल दे लाझ’ घ्या. उद्या सकाळी ज्याला फाशी द्यायची आहे असा माणूस त्यात बोलतो. एका मोठ्या घराण्यातील मुलीवर त्याचे प्रेम होते, तिच्या घरच्या नृत्यसमारंभात त्याने तिच्या वाग्दत्त वराला मारले, आणि त्याला पश्चात्ताप नाही. चर्चमधल्या ऑर्गनसारख्या संथ, जड सुरावर ही कबुली चालते. देलानोए यांनी कोणाचा खून केला होता, असे कोणी म्हणत नाही. हे शब्द मनःपूर्वक आहेत का, असेही कोणी विचारत नाही. म्हणजे गाण्यातला ‘मी’ हा लिहिणारा नसतो आणि गाणाराही नसतो, हे श्रोत्याला मुळात समजते. स्वतःच्या अंतःकरणाची अट आपण फक्त प्रतिष्ठा वाटायच्या वेळी लावतो.

रूपांतरांबद्दलही असेच. दासाँ यांचे ‘शाँझ-एलिझे’ हे गाणे जगभर पॅरिसचे गाणे म्हणून ओळखले जाते. ते मुळात ‘वॉटर्लू रोड’ नावाचे इंग्रजी गाणे, लंडनच्या एका रस्त्याविषयीचे. देलानोए यांनी तो रस्ता बदलला, आणि त्याबरोबर वातावरण, माणसे, रस्त्यावर भेटणाऱ्या अनोळखी व्यक्तीचा स्वभाव हे सारेच बदलले. लंडनचे मूळ गाणे लोक विसरले. ‘कॉनेमारा’चीही जन्मकथा अशीच हसू आणणारी आहे. रवो यांच्या सिंथेसायझरमधून बॅगपाइपसारखा आवाज निघू लागला म्हणून केल्टिक प्रदेशाचा विषय ठरला, आणि आयर्लंडची माहिती पर्यटन पुस्तिकेतून गोळा केली, असा किस्सा सांगितला जातो. तो खरा असावा असे गाण्यावरूनही वाटते, कारण कॉनेमाराच्या तळ्यात डुंबणारी मोरीन लग्नाला उभी राहते ती लिमरिकच्या ग्रॅनाइटच्या चर्चमध्ये, आणि लिमरिक तिथून शंभरेक किलोमीटर तरी दूर आहे. भूगोलाच्या शिक्षकाने याचे गुण कापावेत. परंतु चालीवर शब्द लिहिणाऱ्याला तिथे ठसठशीत व्यंजनांचे, ढोलाच्या ठोक्यावर नेमके पडणारे नाव हवे होते, आणि ते त्याला मिळाले. फ्रेंचमध्ये शब्दाअखेरचा अस्फुट ‘ए’ बोलताना गळतो, पण गाताना कधी उच्चारला जातो, कधी नाही. तो कुठे ठेवायचा, कुठे गाळायचा, लांब सूर कोणत्या स्वरावर टेकवायचा, श्वास कुठे घ्यायला मिळेल, या हिशोबात या माणसाचे आयुष्य गेले. आपल्याकडे आधी चाल आणि मग शब्द अशा क्रमाने काम केलेल्या कोणत्याही गीतकाराला हा हिशोब ओळखीचा वाटेल.

देलानोए यांचा सहभाग असलेल्या गाण्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९७५ सालचे ‘ल फ्रान्स’. त्याचेही शब्द सार्दू आणि देलानोए यांचे, चाल रवो यांची. ‘फ्रान्स’ हे तीनशे मीटरांहून लांब प्रवासी जहाज सँ-नाझेरच्या गोदीत बांधले गेले. १९६० साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जनरल द गोल यांच्या उपस्थितीत त्याचे जलावतरण झाले आणि १९६२ पासून ते ल हाव्र ते न्यूयॉर्क अशा फेऱ्या करू लागले. विमानप्रवास वाढला, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, आणि १९७४ साली सरकारने अनुदान थांबवून जहाज सेवेतून काढले. खलाशांनी जहाज ताब्यात घेऊन बंदराचा मार्ग अडवला, पण निर्णय बदलला नाही. ल हाव्रच्या एका धक्क्यावर ते गंजत पडले. गाण्यात हे जहाज स्वतः बोलते: मला यापुढे कधीही फ्रान्स म्हणू नका, फ्रान्सने मला टाकून दिले आहे. देशाचे नाव आणि जहाजाचे नाव एकच असल्यामुळे प्रत्येक ओळीला दुहेरी धार आली. राष्ट्राच्या वैभवाचे स्वप्न पाहणाऱ्या, द गोल यांच्या अनुयायांना ते आपले गाणे वाटले, आणि गोदीतील कामगार संघटनांनाही. एरवी उजव्या विचारांचा समजला जाणारा गायक आणि लाल बावट्याखालचे कामगार एकाच ‘मी’मध्ये सामावले. असा ‘मी’ घडवणे हे मोठ्या कवितेलाही क्वचित साधते. त्या जहाजाचे पुढे काय झाले, हे आपल्यापासून फार दूर नाही. १९७९ मध्ये ते विकले गेले, ‘नॉर्वे’ या नावाने क्रूझ जहाज झाले, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लू लेडी’ या नावाने गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी चढवले गेले. त्यातील ॲस्बेस्टॉसवरून भारताच्या सर्वोच्च न्यायालयात वाद चालला आणि २००७ च्या सप्टेंबरात तोडण्याची परवानगी मिळाली. ‘फ्रान्स म्हणू नका’ हे जहाजाचे म्हणणे मालकांनी अशा रीतीने शब्दशः पाळले.

आता दोषाकडे. १९७६ साली हाच संघ ‘ल ताँ दे कोलोनी’ हे गाणे घेऊन आला. पश्चिम आफ्रिकेतील वसाहतीत ऐटीत राहिलेला एक म्हातारा त्या दिवसांच्या आठवणी फुशारकीने सांगतो. अल्जीरिया स्वतंत्र होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती, आणि त्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, घरदार सोडून आलेले लाखो लोक फ्रान्समध्येच राहत होते. फाशीच्या शिक्षेचा पुरस्कार करणारे सार्दू यांचे आणखी एक गाणेही त्याच सुमारास आले. १९७७ मध्ये गावोगावी सार्दूविरोधी समित्या निघाल्या, सभागृहांबाहेर निदर्शने झाली, ब्रसेल्सच्या सभागृहात बाँबही सापडला. सार्दू यांचा बचाव असा होता की बोलणारा म्हातारा हे एक पात्र आहे. तत्त्वतः हा बचाव योग्य आहे, आणि फाशी जाणाऱ्या प्रियकराबद्दल मी वर जे म्हटले त्याच्याशी तो जुळतोही. तरीही या गाण्यापुरता मला तो पुरेसा वाटत नाही. कादंबरीतले पात्र वाचक बाहेरून पाहतो. गाण्यातल्या पात्राचे शब्द श्रोता स्वतःच्या तोंडाने म्हणतो, तेही हजारोंच्या कोरसमध्ये, टाळ्यांच्या ठेक्यावर. लाझच्या खुन्याचे ध्रुवपद गाऊन कोणी खुनी होत नाही, कारण तिथे चालच अंत्ययात्रेची आहे आणि बोलणाऱ्याची शिक्षा पहिल्याच ओळीत ठरलेली आहे. वसाहतीच्या गाण्यात मात्र मिरवणुकीची चाल आहे, ध्रुवपद चटकन तोंडात बसते, आणि त्या म्हाताऱ्याला बाहेरून पाहता येईल अशी पुरेशी फट शब्दांत ठेवलेली नाही. उपरोध असेलच तर तो लेखकांच्या मनात राहिला. ही गायकाच्या वर्तनातील चूक नाही, गीतलेखनातील आहे. ‘ल फ्रान्स’मध्ये ज्या कौशल्याने ‘मी’ सर्वांचा केला, तेच कौशल्य इथे सैल हातांनी वापरले गेले.

या चुकीचा भार उचलला कोणी? लोकांच्या रोषासमोर उभे राहिले ते सार्दू. ते सहगीतकार होते, त्यामुळे त्यांना अगदीच निरपराध म्हणता येणार नाही. परंतु दुसऱ्या गीतकाराच्या दाराशी कोणी फलक घेऊन गेले नाही. यशाच्या वेळी गीतकार झाकला जातो याची तक्रार आपण करतो. अपयशाच्या वेळी तोच आडोसा त्याला उपयोगी पडतो, हेही कबूल करायला हवे. गीतकारांच्या हक्कांविषयी बोलणारे अनेक जण हा दुसरा भाग टाळतात. देलानोए यांनी स्वतः मात्र मतांची झाकपाक केली नाही. पुराणमतवादी म्हणून ते उघड ओळखले जात, आणि उतारवयात रॅपबद्दल ते तुच्छतेने बोलले. ते मत मला संकुचित वाटते, विशेषतः फ्रेंच भाषेवर इतकी मेहनत करणाऱ्या रॅप कलावंतांबद्दल ते असल्यामुळे. तरी ते त्यांचे स्वतःच्या नावाचे मत होते, आणि त्यावर त्यांच्याशी भांडता येत होते.

पैशाच्या बाबतीत फ्रान्सने हा प्रश्न बऱ्याच आधी हाती घेतला. १८४७ साली शाँझ-एलिझेवरच्या ‘लेझाँबासादर’ या गाण्याच्या कॅफेत एर्नेस्त बुर्जे यांनी साखरपाण्याचे पैसे द्यायला नकार दिला. मंचावर आमची गाणी फुकट चालली आहेत, तर आम्ही पेयाचे पैसे का द्यावेत, असा त्यांचा सवाल होता. प्रकरण न्यायालयात गेले, बुर्जे जिंकले, आणि १८५१ साली ‘सासेम’ ही गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशकांची संस्था उभी राहिली. बुर्जे हे शब्द लिहिणारे होते, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. देलानोए पुढे याच संस्थेचे एकाहून अधिक वेळा अध्यक्ष झाले. सार्वजनिक प्रयोगाच्या मानधनाचे गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक असे तीन सारखे वाटे करण्याची तिथली रीत आहे; गायकाचा त्यात गायक म्हणून वाटा नाही. गीतकाराने आपले नाव सोडून दिले तरी ते लावून घेण्याचा त्याचा हक्क संपत नाही, अशी फ्रेंच कायद्याची धारणा आहे. भारतात गीतकारांना हे मिळायला २०१२ सालची प्रताधिकार कायद्यातील दुरुस्ती यावी लागली. तोवर निर्मात्याला हक्क एकदा लिहून दिले की चित्रपटगीताच्या मानधनावरचा दावा व्यवहारात संपत असे. त्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर भांडले. मानधन मिळाल्याने कीर्ती आपोआप मिळत नाही, हे मात्र फ्रान्सच्या उदाहरणावरून दिसते.

म्हणून उरतो तो नाव घेण्याचा प्रश्न, आणि त्यासाठी फ्रान्सकडे आयता कायदा आहे. १९९४ साली मंजूर होऊन १९९६ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार तिथल्या रेडिओ केंद्रांना लोकप्रिय गाण्यांपैकी सर्वसाधारणपणे किमान चाळीस टक्के गाणी फ्रेंच भाषेतील लावावी लागतात. इथे निकष आहे भाषा. फ्रेंच कलावंताने इंग्रजीत गायले तर ते या हिशोबात धरत नाहीत. याचा सरळ अर्थ असा की सरकार गाण्यातल्या ज्या घटकाला संरक्षण देते तो घटक गीतकाराने बनवलेला आहे. मग त्याच तरतुदीत आणखी एक कलम का नसावे, की संरक्षित चाळीस टक्क्यांतील प्रत्येक गाण्याच्या आधी किंवा नंतर गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकार यांची नावे सांगावीत, आणि गाणी ऐकवणाऱ्या ॲपवरही ती गायकाच्या नावाशेजारीच दिसावीत? सध्या ती दोन-तीनदा बोट दाबल्याशिवाय सापडत नाहीत. रेडिओवाले म्हणतील की एवढी नावे घेतली तर कार्यक्रमाचा वेग मंदावतो आणि ऐकणारा केंद्र बदलतो. विविध भारतीवर गायक, गीतकार आणि संगीतकार ही तिन्ही नावे ऐकत इथल्या श्रोत्यांच्या पिढ्या वाढल्या. त्यामुळे कोणी रेडिओ बंद केल्याचे ऐकिवात नाही.